नवसाच्या बोकडाचा वाटा

आज नातीने माझ्या कपाळावरच्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, "आजी, हे कशाने?"

मंडळी, तेव्हा नव्वद साल उजाडत होतं आणि मी धरणगावात होते. मला पोरांसाठी पुस्तक लिहायचं होतं. लिहिलेली गोष्ट आधी गल्लीतल्या पोरांना वाचून दाखवायचे. एका गोष्टीत कापायला आणलेलं बोकड पोरं सोडवतात.

दुसऱ्याच दिवशी पोरांनी शेजारच्या आबांचं नवसाचं बोकड सोडलं.

आबा काठी घेऊन दारात आले. "पोरेसले काय शिकाडस तू?" पहिली काठी कपाळावर बसली. दुसरीने लिहिता हात मोडला. गल्ली बघत राहिली.

बोकड सापडलं, कापलं. नवसाचा वाटा घरोघर जातो, तसा आमच्याकडेही आला. आबांनी स्वतः आणून दिला.

नातीला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मग तू खाल्लंस?"

"खाल्लं," मी सांगितलं.