काटकोनची मान

बांधकामावर सगळे त्याला काटकोन म्हणत. गवंडीकामात तीस वर्षं घालवली, पण खांद्याएवढ्या भिंतीचा सरळपणा तपासायला त्यानं कधी ओळंबा लावला नव्हता. एक डोळा मिटायचा, "बसली" म्हणायचा, आणि भिंत खरंच सरळ निघायची. या गोष्टीचा त्याला भारी तोरा होता. खरं सांगायचं तर तो त्याला शोभायचाही.

दोन वर्षांपूर्वी त्याची मान बिघडली. याला बघायचंय उजवीकडे, मान निघाली डावीकडे. डॉक्टर म्हणाले, सर्व्हायकल डिस्टोनिया. मेंदू मानेच्या स्नायूंना नको ते हुकूम सोडतो. दर तीन महिन्यांनी इंजेक्शनं सुरू झाली. हनुवटीला नुसतं बोट टेकवलं तरी मान जरा वठणीवर यायची. तो तसा उभा राहिला की बायको म्हणायची, "अहो, एवढा विचार लग्नाआधी केला असतात तर!"

हसण्यावारी नेलेलं हे दुखणं एका भिंतीनं अंगाशी आणलं. नेहमीसारखी डोळ्यानं उभारलेली भिंत दोन बोटं कलली. त्यानं ती स्वतःच फोडली, पण धसका बसला. दुसऱ्या दिवशी बांबूच्या परांचीवर चढताना शिडीच्या दुसऱ्याच पायरीवरून तो खाली उतरला. मुकादम म्हणाला, "सोमवारपर्यंत ठरव. जमत नसेल तर गोदामात बस." गोदामात बसणं म्हणजे त्याच्या लेखी जिवंतपणी तसबिरीत जाऊन बसणं.

शनिवारी बायकोला घेऊन तो फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेला. "माझं सगळं अंगच वाकडं झालंय का, तेवढं सांगा."

बाईंनी फरशीवर खडूनं रेघ ओढली. "काकू, आधी तुम्ही या." त्यांनी तिला रेघेवर खिडकीकडे तोंड करून उभं केलं, तिच्या मानेला एका बाजूनं छोटंसं घरघरणारं यंत्र बांधलं आणि डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला सांगितली. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, तर समोरची खिडकी गायब आणि नाकासमोर दार!

"कोणी फिरवलं मला?"

"कोणीच नाही. त्या थरथरीनं मेंदूला वाटलं, मान वळलीय. अंग आपलं गेलं तिच्या मागे."

आता त्याची पाळी. सरळ मानेची बायको जर दारापर्यंत फिरली, तर आपण भोवऱ्यासारखे गरगरणार, अशी त्याची खात्री होती. यंत्र मानेला बांधून, डोळे गच्च मिटून तो पावलं टाकत राहिला. डोळे उघडले, तर समोर खिडकी. पाय रेघेवर.

"यंत्र बंद पडलं असेल."

बायकोनं यंत्राला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. ते चांगलं घरघरत होतं.

बाईंनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा खिडकीच. "काका, या आजारात असं दिसतं. मान सारखी चुकीची खबर देते, म्हणून तोल सांभाळताना शरीरानं तिचं ऐकणंच कमी केलंय. तळपायांचं ऐकतं, डोळ्यांचं, तोल राखणाऱ्या आतल्या कानाचं ऐकतं, आणि काम निभावतं."

तो आपल्या पायांकडे बघतच राहिला. दोन वर्षं तो या शरीराला शिव्या घालत होता, आणि ते मुकाट्यानं त्याला उभं धरून होतं. "मला विचारलंसुद्धा नाही हो यानं," तो म्हणाला.

"एवढ्यावरून परांचीवर पाठवणार नाही हं मी," बाई म्हणाल्या. "जमिनीवरचं काम मात्र सोडू नका."

सोमवारी तो मुकादमासमोर उभा राहिला. "परांची नको. खांद्यापर्यंतची भिंत माझी, वरची दुसऱ्या कुणाची." मग त्याला ती फोडलेली भिंत आठवली. शरीरानं मानेचं ऐकणं सोडलं. आपण अजून तोऱ्याचंच ऐकतोय. त्यानं हात पुढे केला. "आणि एक ओळंबा द्या रे कुणीतरी."

कामावरचे सगळे हात थांबले. मग चार खिशांतून चार ओळंबे बाहेर आले.

"म्हणजे माझ्या पाठीमागे तुम्ही माझ्या भिंती रोज..."

"रोज," सगळ्यात जुना गवंडी म्हणाला. "आणि तीस वर्षांत एकदाच चुकलास."

काटकोननं हनुवटीला बोट टेकवलं, त्या चौघांकडे सरळ पाहिलं आणि त्या जुन्या गवंड्याच्याच हातातला ओळंबा घेतला.