दोन मुराळी आणि अक्काचं खापर

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणीला आणायला जो भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी एकच असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी गेल्या वर्षी आम्ही दोघं भाऊ एकाच सकाळी, साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावात, अक्काच्या दारासमोर दोन गाड्या घेऊन उभे होतो. दोघांच्याही तोंडावर एकच प्रश्न होता, हा इथं कसा काय टपकला?

तर झालं होतं असं. अक्का आमची थोरली बहीण. त्याच्या दोन वर्षं आधी अंगणात पाय घसरून पडली, खुब्यात सळई घातली, आणि तेव्हापासून दवाखाना सोडून तिनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. दोन आखाज्या तशाच गेल्या. मी एरंडोलला बियाण्यांचं दुकान चालवतो. तिथून फोन केला की ती म्हणायची, "यंदा बी राहू दे रे भो. मन्हं माहेर सरनं आते." हे 'सरनं', म्हणजे संपलं, मला ऐकवायचं नाही. शेवटी भांडभांड भांडलो, तेव्हा कुठं कबूल झाली. पण अट घातली. एक डाव येऊन बघते, झेपलं तर झेपलं, नाही झेपलं तर पुन्हा कधी माझं नाव काढायचं नाही. हेच तिनं धाकट्यालाही पुण्याला फोन करून सांगितलं होतं. आणि त्या शहाण्यानं मला न विचारता, मी त्याला न विचारता, दोघांनीही ठरवून टाकलं की मुराळी मीच.

माझी गाडी म्हणजे साधी, छोटी, पांढरी. आता पांढरी म्हणायची ती सवयीनं. मागच्या सीटवर कपाशीच्या बियाण्याची पाकिटं वाहून वाहून तिला गोदामाचा वास लागलाय, काचा हातानं हँडल फिरवून खाली करायच्या, आणि एसी आहे म्हणजे आहे, चढ लागला की तो आपला दम खायला थांबतो. पण ॲव्हरेज असं देते की पंपावरचा माणूस मला विसरून जातो. धाकट्याची सेडान पण छोटीच, पण काय तिचा थाट! अंग काळंभोर, आत सायीच्या रंगाचं कातडं, दार लावलं की आवाज असा दबका येतो, जणू कुणी उशीवर उशी ठेवली. खोटं कशाला बोलू, बघून माझा जळफळाट झाला.

शेजारच्या बायकांना तर आयतीच करमणूक मिळाली. एकीनं विचारलंच, "कोना संगे जाशी वं अक्का?"

अक्का काठी टेकत ओट्यावर आली, दोन्ही गाड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "मी काय मन्हा दोन तुकडा करू का?" आणि हसली. किती दिवसांनी हसताना बघितलं तिला! आम्ही दोघंही बावळटासारखे हसत सुटलो.

मुराळ्याला जेवल्याशिवाय निघता येत नाही. जेवणं झाली, आणि धाकट्यानं तिला सेडान दाखवायला नेलं. त्या गाडीत सीट थंड करायचं बटण आहे म्हणे. वैशाखात, आमच्या मुलखात! मी मनात म्हटलं, गेली माझी मुराळकी. पण गड्यानं ऐटीत बटण दाबलं ते शेजारचं, सीट गरम करायचं. अक्का बसल्या जागी ओरडली, "माय वं! खाले चुल्हा पेटाडा का रे?" बायका पोट धरधरून हसल्या. त्यात सीट इतकी खोल की तिला बाहेर काढायला आम्हाला दोन्ही बाजूंनी हात द्यावे लागले.

तेवढ्यात भाच्यानं आतून तिचं खापर आणलं. मांडे भाजायचं हे मोठं मातीचं खापर, वर्षानुवर्षांच्या चुलीनं काळंकुट्ट झालेलं. आमच्याकडच्या खापरावर तिचा भरवसा नाही, मांडे चिकटतात म्हणते. धाकट्यानं सायीच्या रंगाच्या सीटकडे बघितलं, मग खापराच्या काजळीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मला त्याची कीवच आली. डिकीत ठेवू म्हणाला. अक्का म्हणाली, डिकीत आदळून फुटेल. मी माझ्या मागच्या सीटवर गोधडी अंथरली, खापर ठेवलं, वरून पट्टा लावला.

"मन्हं खापर जठे, तठे मी," अक्कानं निकाल देऊन टाकला आणि माझ्या शेजारी उंच सीटवर सहज बसली.

अहाहा! काय वाटलं म्हणून सांगू! साक्रीपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसता खड्ड्यांचा बाजार. मागून सेडान गोगलगायीसारखी येत होती. तिचं पोट जमिनीला घासल्याचा आवाज आला की मी आरशात बघून गालातल्या गालात हसायचो. माझी गाडी मात्र उड्या मारत पुढं. बोलतही सुटलो होतो, बियाणं, भाव, कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की अक्का एकदाही 'हं' म्हणाली नाही.

वळून बघितलं. दारावरची मूठ तिनं दोन्ही हातांनी धरली होती, ओठ दातांत दाबले होते आणि कपाळावर घाम फुटला होता. माझ्या गाडीची प्रत्येक उडी तिच्या खुब्यात जात होती आणि मी शर्यत जिंकत होतो!

साक्रीला चहाच्या टपरीशी गाडी सावलीत घेतली. "दुखतंय ना?" तर म्हणे काही नाही. चहा नको, पाणी नको. मग समोर बघत हळूच म्हणाली, "माले घर सोडी दे भो. झायी मन्ही आखाजी."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता परतली असती तर ती पुन्हा कधी निघाली नसती. मुराळकी गेली खड्ड्यात! मी उतरलो, मागच्या गाडीशी गेलो आणि धाकट्याला म्हटलं, "अक्काला तुझ्या गाडीत घे. आणि ते बटण नीट बघून दाब."

बिचाऱ्यानं चेष्टा केली नाही. पुढची सीट पार मागं सरकवली, पाठ कलती केली, पाय लांब करायला जागा करून दिली. आम्ही दोघांनी तिला अलगद आत ठेवलं. तिनं पाय लांब केले. मग छताकडे बघत म्हणाली, "हाई गाडी शे का पलंग?"

हायवेला लागल्यावर सेडान पुढं आणि मी मागं. माझा एसी रुसलेला, खिडकीतून भट्टीसारखा वारा आणि सोबतीला खापर. धुळं गेलं, पारोळं गेलं. मध्ये पंपावर थांबलो तेव्हा मी काचेला डोळे लावून आत बघितलं. अक्का तोंड उघडं टाकून ढाराढूर झोपली होती. त्या गाडीबद्दल मी जे जे काही मनात बोललो होतो, ते सगळं तिथल्या तिथं मागं घेतलं.

आमच्या गावचा फाटा आला आणि सेडान एकदम थांबली. जाऊन बघतो तर आत जुंपलेली. अक्का ताजीतवानी होऊन दार ठोकत होती. तिला खाली उतरायचं होतं.

"आता काय झालं? दुखतंय?"

"दुखस कसानं! या काया काचमाईन कोले दिससू मी?"

खरंच की. दोन वर्षांनी माहेरी येणारी बाई, आणि काळ्या काचेआड बसून, गावाला दिसणार नाही अशी जाणार? काच खाली केली तरी त्या खोल सीटमधून तिचं डोकं काही दिसणार नव्हतं. फाट्यापासून गावापर्यंत रस्ता नवा, गुळगुळीत. धाकटा म्हणाला, "ने बाबा, ने. तूच मुराळी." पण असा हसला, की मीही हसलो.

अक्का पुन्हा माझ्या उंच सीटवर बसली. पदर सारखा केला, केस नीट केले आणि दोन्ही हातांनी हँडल फिरवत काच पार खाली घेतली. वेशीपासून दार न् दार आपण आल्याची हाक मारत निघाली, "ओ वहिनी, मी उनू! ओ नाना, मी उनू ना!" बाया पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. कुणी धावत येऊन गालावरून बोटं मोडली, कुणी खिडकीतून कैऱ्या टाकल्या. मी पहिल्या गिअरवर, आणि मागं ती काळी राणी मुकाट्यानं वरातीत.

घरापुढं माझी बायको भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. धाकटा धावत आला, मी वळसा घालून आलो, दोघांनी हात पुढं केले. अक्कानं दोघांचेही हात बाजूला सारले. दाराची कड धरली, एक पाय खाली टेकवला, मग दुसरा, आणि उभी राहिली. एकटी. काठी गाडीतच राहिली होती. बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"खापर सांभाळी काढा," अक्का म्हणाली. मग आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "आनि पुढल्या आखाजीले मुराळी कोन येई, ते आतेच ठराई घ्या."

आम्ही दोघं एकदमच ओरडलो, "मी!"