कळसापाशी जोडे

"बूट घातल्याशिवाय वर जाता येणार नाही, बाबा," सेफ्टीवाली मॅडम म्हणाली.

"अन् जोडे घालून मी कळस बसवत नसतो," मी म्हटलं.

तांब्याचा कळस क्रेनच्या हुकाले लटकून तयार होता. खाली सारे खोळंबून राह्यले होते. मंगरूळपीर रोडवरच्या या मोठ्या मंदिराचं शिखर माझ्या हाताखाली उभं झालं. मी हेडमिस्त्री. शाळा दुसरीपर्यंत, पण माझी भिंत ओळंब्याले कधी चुकली नाही. ओळंबा म्हणजे दोरीले टांगलेला लोखंडी गोळा, त्यानं भिंत सरळ हाय का ते कळते. कळसाले शेवटचा हात मिस्त्रीचा, हा आमचा मान. तो मी सोडणार नव्हतो.

माझा बाप कामरगावकडे लहान लहान देवळं बांधे. बांबूची परांची, काथ्याची दोरी. कळसाच्या दिवशी आंघोळ करून, धोतर खोचून तो अनवाणी चढे. खाली डफडं वाजे. माय वर पाहतच नसे. ओल्या चुन्याचा तो वास अजून नाकात हाय.

मॅडम म्हणाली, "शिखर बांधताना घातलेच ना बूट?"

"तवा ते काम होतं. कळस टेकला का ते देवाचं डोकं होते. त्याच्यावर जोडे ठेवू?"

"आणि घसरलात तर? काकूंना मी काय सांगू?"

"सांगजो, म्हातारा आयकत नव्हता."

"ते त्यांना माहीतच असेल."

लोक हासले. मी नाही हासलो.

"ठीक आहे. वर दुसरा माणूस पाठवते," म्हणत ती वळली.

मी तिच्या आडवा झालो. "थांब वो पोरी! चढताना घालतो. वरच्या फळीवर काढीन."

ती वर पाहत राह्यली. मग म्हणाली, "पण सेफ्टी बेल्ट सुटणार नाही. दोन्ही हूक अडकवायचे."

"गोऱ्ह्यासारखं बांधतं काय मले?"

"हो."

बांधून घेतलं. बेल्ट मी जन्मात मनापासून लावला नव्हता.

फळीवर जोडे काढले. क्रेननं कळस हळूहळू खाली सोडला. मी दोन्ही हातांनी फिरवत तो मधल्या दांड्यावर बसवला. खाली नवा बगीचा, हिरवळ, कारंजे, गुलाबाचे वाफे. डफड्याच्या जागी डीजे. बाप असता तर एवढ्या उंचावरून त्याले आपल्या पोराचं सारं काम दिसलं असतं, असं वाटलं. डोळे पुसायले हात मोकळा नव्हता.

आता नव्या मिस्त्र्यायले सांगतो, बेल्टानं मान जात नाही, बांधून घ्या. जोड्याचं मात्र आधीच बोलून ठेवा. कळस हुकाले लटकल्यावर भांडू नका.