गाऱ्हाणं आणि गोचीड

माझी आई संशयी होती, आणि तो गुण मला तिच्या दुधातूनच मिळाला असावा. पोदेराचा पाव तिला नेहमी कालच्यापेक्षा हलका लागायचा. दारात कुणी "बरी मगो?" म्हणून विचारलं, तर ह्यानं आजच का विचारलं, ह्यावर ती अख्खी दुपार घालवायची. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, आणि त्या दिवसांत संशयाला खतपाणीही भरपूर होतं. हळर्णच्या वाटेवरच्या आमच्या वाड्यात मराठीवाले कोण आणि कोंकणीवाले कोण, हे ज्यानं त्यानं मनात टिपून ठेवलेलं. माझे वडील मराठीचे, शेजारच्या घरातले काका कोंकणीचे. भांडायचे मात्र दोघेही एकाच बोलीत.

त्या पावसाळ्यात आईनं जर्सी गाय आणली. वडील नको म्हणत होते, पण सासरच्या घरात स्वतःच्या मर्जीनं आणलेली ती तिची पहिलीच गोष्ट. तिच्यात आईचा जीव अडकलेला. जुनी गावठी गाय तिनं काकीला सांभाळायला दिली. आमच्याकडची रीत अशी, की गाय देणाऱ्याचीच राहते. पहिलं वासरू सांभाळणाऱ्याचं, दुसरं मालकाचं. गोठा दोन्ही घरांचा एकच होता, मधे झावळ्यांचा कूड.

एका सकाळी काकी कुडाशी येऊन उभी राहिली. तिला मूलबाळ नव्हतं, गुरांवर फार माया. "कितकी देखणी गे तुझी गाय, वयनी!" ती म्हणाली. आई हसली नाही. त्याच आठवड्यात गाय चारा खाईना, अंग तापलं, आणि मूत कोऱ्या कॉफीसारखं काळपट तांबडं झालं.

"दिश्ट," आईनं निकाल दिला. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, तर मिरच्यांचा ठसकासुद्धा उठला नाही. म्हणजे दृष्ट जबर. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. मिरच्या ओल्या असतील, असं मी म्हणून पाहिलं. आईनं माझ्याकडेच संशयानं बघितलं.

मग ती वाड्याच्या सीमेवरच्या राखणदार देवाकडे नारळ घेऊन गेली. मी सोबत होते. तिथल्या मानकऱ्यानं देवापुढे गाऱ्हाणं घातलं, शब्द आईचे. तिनं नाव घेतलं नाही. "ज्या घरातसून ही बला माझ्या गायीर इली, त्या घरारच ती उलटां दी, म्हाराजा." आमच्याकडे असं गाऱ्हाणं एकदा घातलं की ते वाऱ्यावर जात नाही. मला तिचा रागच आला. काकीच्या घरात दोनच माणसं, त्यातली कुणावर उलटायची ती?

इकडे वडिलांनी पेडण्याहून गुरांचे डॉक्टर आणले. त्यांनी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काढून काचेवर पसरलं आणि दवाखान्यात मलाच सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावलं. तांबड्या पेशीच्या आत दोन इवलेसे जीव होते, काजूची दोन बोंडं टोकाशी जोडावीत तसे. एका पेशीचा हा प्राणी रक्ताच्या पेशीत शिरतो, एकाचे दोन होतो, पेशी फोडून पुढची गाठतो. फुटलेल्या पेशींचा रंगच मुतात उतरतो.

"गोचीडताप," डॉक्टर म्हणाले. "गोठ्यात गावठी गाय आहे?"

"आहे."

"मग तिच्या अंगावरच्या गोचिडींतूनच आला. गावठी गुरांना हा वासरूपणी होऊन जातो. ती तगतात, पण जंतू रक्तात थोडे उरतात. गोचीड ते रक्त पिते, तिच्या अंड्यांतून ते जंतू पिल्लांत उतरतात, आणि पिल्लं दुसरं जनावर शोधतात. तुमची ही फार्मवर वाढलेली, हिच्या अंगाला त्याची ओळखच नाही."

त्यांनी पिवळं औषध टोचलं. ते हळदीचं पाणी आहे, असा आईला दाट संशय.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं त्यातलं एकच उचललं. "म्हणजे कुडाच्या पलतडीसून इला? सांगलां न्हय मियां?" जन्मात पहिल्यांदा तिचा संशय काचेखाली खरा ठरला होता!

जनेलाच्या उजेडात बसलेल्या वडिलांनी मान वर न करताच विचारलं, "पूण ती गावठी गाय कोणाची?"

गाय आमची होती. ज्या घरातून बला आली, ते घर आमचं होतं.

जर्सी हळूहळू चारा ओढू लागली, पण आईच्या घशाखाली घास उतरेना. माझ्या साध्या शिंकेनंही तिचा चेहरा उतरायचा. मानकऱ्यानं सांगितलं, गाऱ्हाणं परतवायचं तर ते जिच्यावर मनात धरलं होतं, तिला सोबत घेऊन ये. आई काकीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिला सगळं सांगितलं. काकीनं पदराला हात पुसले आणि निघाली.

राखणदाराच्या घुमटीत आईच्या फोडलेल्या नारळाचं सुकलेलं भकल अजून होतं. शेजारी आणखी एक. आईची नजर तिथंच अडली. "हो नारळ कोणाचो?"

"माझो," काकी म्हणाली. "तुझी गाय दुखणेक पडली त्याच दिसा ठेवलंय. माझीच दिश्ट लागली आसतली म्हणान भियालंय. म्हटलां, म्हाराजा, माझे दोळे घे, पूण गाय वाचय."

मला रडू आलं. आई तशीच उभी, हातातला नारळ खाली ठेवायचंही तिला सुचेना.

"काय मागूचां, बाये?" मानकऱ्यानं विचारलं. आईनं काकीकडे बघितलं. तेव्हा काकीच म्हणाली, "दोनूय घरांचां बरां कर, म्हण."

"व्हय, म्हाराजा," आई म्हणाली. कुणाच्याही शब्दाला, उलट काही न विचारता, तिनं व्हय म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.