माझ्या खिशातला नमुना

खरी सही मी खोटी ठरवली आणि हातची घालवली. गोखिवऱ्यातले एक काका गाजलेल्या क्रिकेटपटूचा सही केलेला जुना फोटो विकत होते. "माझ्यासमोर केलीय त्यांनी," ते म्हणाले. शेजारी दुसरं गिऱ्हाईक टपून बसलेलं. मी खिशातून त्याच खेळाडूची सही काढली, लहानपणी दादाने मैदानावरून आणून दिलेली. भिंग धरून दोन्ही सह्या ताडून पाहिल्या. पहिलंच अक्षर जुळेना.

"खोटी आहे," मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो. गिऱ्हाइकाने लगेच फोटो उचलला.

घरी येऊन दादाला हा पराक्रम सांगितला. तो चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "तुझ्याकडची मीच केली होती, रडायचा थांबत नव्हतास म्हणून. माझं अक्षर अजून ओळखत नाहीस, आणि निघालास पारख करायला."