फाटकाबाहेरची मेणबत्ती

मृतांच्या दिवशी आमच्या दफनभूमीत वितळलेल्या मेणाचा आणि झेंडूचा वास एकमेकांत मिसळतो, आणि मला आई दिसते. येरवड्याहून बसने येताना फुलांची पिशवी माझ्या मांडीवर असायची. आई सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावायची. एक मात्र फाटकाबाहेर, भिंतीच्या कडेला. ती माझ्या धाकट्या भावासाठी. बाप्तिस्म्याआधीच तो गेला होता, आणि अशी बाळं स्वर्गाबाहेरच राहतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

एका वर्षी नवे फादर फाटकाशी थांबले. आईने विचारलं, "फादर, पोपनी हुकूम काढला तर घेतील का हो त्याला आत?"

"बाई, देवाचं दार बंद करायचा अधिकार पोपनाही नाही. आणि अशी बाळं बाहेर राहतात, हा धर्मसिद्धांत कधीच नव्हता. धर्मपंडितांचा तर्क होता तो."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

आईने जळती मेणबत्ती उचलली, तिच्यावर पदराचा आडोसा धरला आणि ती फाटकातून आत आली.

पदर पेटेल म्हणून तेव्हा माझा जीव वरखाली होत होता. आज कळतं, ती लेकाला पदराखाली घेऊन आत येत होती.