आत्याचे दंड

माझी आत्या बहात्तर वर्षांची आहे. अनोळखी लोक आधी तिचे दंड बघतात, मग तोंडाकडे बघतात, आणि मग खात्री करायला पुन्हा दंडांकडे. आत्याला त्याची सवय झाली आहे. पण सत्तेचाळीस वर्षांची होईपर्यंत पाण्याची भरली बादली वर आणताना जिन्यात दोनदा टेकवणारी हीच बाई होती.

ती इस्पितळात वॉर्डातली मदतनीस होती. रुग्णांची कूस बदलायची, त्यांना उठवून बसवायचं, खाटेवरून स्ट्रेचरवर घ्यायचं, हे तिचं काम. एका दुपारी एका आजोबांना उचलताना तिच्या हातांनी दगा दिला. आजोबा तिच्याच पायांवर घसरले म्हणून त्यांना लागलं नाही. उलट तेच तिची समजूत घालत म्हणाले, "असू दे बाळ, मी जडच आहे." ते मुळीच जड नव्हते, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी मॅट्रनबाईंनी तिची बदली चादरींच्या खोलीत केली.

"तिथे घड्या घालता घालता वाटायचं, आपलीच घडी घालून फडताळात ठेवलीय," आत्या सांगते.

फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी तिची पाठ आणि हात तपासले. म्हणाले, "बिघाड काही नाही. ताकद कमी पडतेय. वजनं उचलायला लागा."

"उचलता येत नाहीत म्हणून तर आलेय."

"म्हणूनच सांगतोय."

जवळची एकच जिम होती, टायरच्या दुकानाखालच्या तळघरात. ती चालवणारे गृहस्थ पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना पीटी सर म्हणत. आत्याला दारात बघून ते जरा गडबडले.

"बाई, इथे बायकांसाठी वेगळी वेळ नाही."

"मग रिकामं कधी असतं?"

"पहाटे साडेपाचला. तेव्हा कुणी उठत नाही."

"मी उठते," आत्या म्हणाली.

पहिला महिना तिच्या हातात नुसता लोखंडी पाइप होता. तो खांद्यावर घेऊन उठाबशा काढायच्या. घरी जिना चढता-उतरताना पाय लटपटत, केस विंचरायला हात वर जात नसत. आतोबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून बसलेले असताना ते वर न बघताच विचारत, "आज पाइप जिंकला की तू?" थट्टा करायचे, पण सकाळची चार अंडी तेच उकडून ठेवायचे.

सहा महिने आरशात काहीच दिसलं नाही. मग एक दिवस गणवेशाची बाही दंडाला करकचली. आत्याने शिवण उसवली, थोड्या महिन्यांनी पुन्हा उसवली, आणि तिसऱ्यांदा नव्या बाह्याच लावून घेतल्या. तिच्या सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. "या वयात ही कसली थेरं?" पुढे त्याच बसल्या बसल्या सुनेचा दंड दाबून बघायच्या आणि विचारायच्या, "हे खरंच तुझं आहे का गं?"

दोन वर्षांनी ती मॅट्रनबाईंसमोर उभी राहिली. वॉर्डात परत घ्या म्हणाली. मॅट्रनबाई तशा खमक्या. त्या रिकाम्या खाटेवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "घे मला स्ट्रेचरवर." वजन ऐंशीच्या पुढे. आत्याने गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि त्यांना अलगद उचलून पलीकडे ठेवलं. मॅट्रनबाई तशाच पडल्या पडल्या छताकडे बघत म्हणाल्या, "उद्या सकाळच्या पाळीला ये."

चौपन्नाव्या वर्षी पीटी सरांनी तिचं नाव एका शरीरसौष्ठव स्पर्धेत घातलं. तिला वजनाची भीती नव्हती, तिथल्या तोकड्या कपड्यांची होती. पोटावर दोन बाळंतपणांच्या रेषा, अपेंडिक्सचे टाके, आणि एवढं सगळं दिव्यांच्या झगमगाटात दाखवायचं. मंचामागे ऐन वेळी पोशाखाच्या पट्ट्याचा हूक निखळला. आतोबांनी खिशातून चिमटा काढला आणि घड्याळाची पिन बसवावी तसा हूक बसवून दिला. "जा, आता सुटायचा नाही," ते म्हणाले. पन्नाशीपुढच्या गटात तिघीच होत्या. आत्या तिसरी आली. कुणी "म्हणजे शेवटची?" असं विचारलं की ती शांतपणे सांगते, "बाकीच्या घरी बसल्या होत्या ना, त्या माझ्या मागे."

पुढची बारा वर्षं चांगली गेली. मग सहासष्टाव्या वर्षी ओल्या पायरीवरून ती पडली आणि उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. शस्त्रक्रिया झाली. सात महिने हात आधी झोळीत आणि नंतर नुसता हलवायचा. कमावलेलं शरीर बघता बघता ओसरलं. दंडाची कातडी लोंबायला लागली. मी भेटायला गेले तेव्हा ती खिडकीपाशी बसून डाव्या हाताने उजवा दंड चाचपत होती. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

"तुझ्या वयाच्या बायकांपेक्षा तू अजूनही—" मी बोलायला गेले.

"माझी तुलना त्यांच्याशी नको करूस," ती म्हणाली. "माझ्याशीच कर. आणि तिथे मी हरलेय."

पण आठव्या महिन्यात ती तळघरात गेली. पीटी सर आता नव्हते. जिम त्यांची मुलगी चालवायची. जिने आत्याला आपल्याएवढं वजन जमिनीवरून उचलताना पाहिलं होतं, तिच्यासमोर आत्याने एक किलोचं गुलाबी डंबेल हातात घेतलं. मुलगी तिच्या जवळ येऊन उभी राहिली.

"आत्या, पुन्हा पहिलीत बसायचं?"

"बसू की. वर्ग ओळखीचा आहे."

त्या एका किलोचे दोन व्हायला पाच आठवडे लागले. पहिल्याइतकं वजन काही परत आलं नाही, आणि येणार नाही हे तिला ठाऊक आहे. पण खांदे पुन्हा भरले, पाठीवर मधोमध ती खोल रेघ परत उमटली. गेल्या वर्षी हाडांची तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी कागदावरचं वय चुकलंय का, असं विचारलं.

मी यंदा अठ्ठेचाळीस पूर्ण केली. मागच्या सोमवारी धीर करून तिच्याबरोबर जिममध्ये गेले. तिने मला काही शिकवलं नाही, फक्त शेजारी उभी राहून, मी दमून टेकले की पुन्हा उठायची वाट बघत राहिली. मंगळवारी मला साधा कपही उचलवेना. संध्याकाळी तिचा फोन आला.

"दुखतंय?"

"सगळं."

"छान. गुरुवारी ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.